वाटाण्याचं ताट

जयभीम. भंतेजी, वस्तीतल्या बायामाणसांनो, इतवारीहून, कोराडीहून, पारशिवनीहून आलेल्या सगळ्यांनो. मला भाषण येत नाही. सुमनबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "नाही येत तं नको बोलू. खडे काढ." पण आज बोलावंच लागेल. आमचे हे मागे भिंतीला टेकून बसले आहेत, त्यांच्यासाठी बोलावं लागेल.

बाई पागलखान्यात सिस्टर होत्या. रिटायर झाल्या आणि याच विहाराच्या ओसरीवर त्यांनी गुरुवार सुरू केला. ज्याची दारू सुटत नाही, जिचं मन थाऱ्यावर नाही, त्यांनी यायचं. फी नाही. पण पागलखान्याच्या सिस्टरकडे कोण जाईल हो? लोक काय म्हणतील? म्हणून बाईंनी इतवारीच्या एका व्यापाऱ्याकडून धान्य निवडायला आणलं. बाहेर सांगायचं, निवडाईला चाललो. खोटंही नाही. त्या मजुरीतून चहा व्हायचा, आणि पारशिवनीकडच्यांचं एसटीचं तिकीट.

यांना मी ओढतच आणलं होतं. दारूपायी कोराडीची नोकरी जायची वेळ आली होती. एका खाजगी डॉक्टरची फी ऐकून मी पायरीवरूनच परतले होते. हे इथं दारातच भडकले, "मले काहून आनलं इथी? मी पागल आहो काय?"

बाई म्हणाल्या, "पागल कोन म्हन्ते गा तुले? आमी तूर निवडून राहिलो. बस."

बसले. हात असे थरथरत होते, की खडे ताटात आणि तूर जमिनीवर. बाईंनी ते ताट उचललं, दुसरं ठेवलं. वाटाण्याचं. वाटाणा मोठा असतो, थरथरत्या हातालाही सापडतो. मग माझ्याकडे वळल्या, "अन् तू कशी आहे वं?" एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः यांना औषधासाठी सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. हात धरून नेलं, हो, हात धरून.

वाटाण्यावरून हरभरा, हरभऱ्यावरून तूर, आणि मग तांदूळ. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळे त्याच वाटेनं आलात. आमचे हे तांदळापर्यंत पोचले. केवढा आनंद झाला होता मला! आणि मग भावाच्या लग्नात पुन्हा प्याले. मला वाटलं, संपलं. आता लाजेनं हे गुरुवारी येणारच नाहीत. पण आले. बाईंसमोर मान खाली घालून उभे राहिले, "बाई, मले वाटाणे द्या." कुणी हसलं नाही. बाईंनी ताट सरकवलं. "ये गा. जागा तशीच आहे."

बाई रागावल्या असत्या, तर? एक शब्द जरी लागट बोलल्या असत्या, तर? आज माझं घर राहिलं नसतं.

आता बाई नाहीत. सकाळी हे मला म्हणाले, "आता गुरुवारी मी कुठी जाऊ वं? माहे हात पुन्हा थरथरून राहिले." त्याचं उत्तर इथं सांगते. कुठं जाणार? इथंच यायचं. व्यापाऱ्याशी मी बोलले आहे, पोतं येईल. ताटं मी मांडीन. मी सिस्टर नाही, पण दवाखान्याची वाट मलाही माहीत आहे. आणि "तू कशी आहे वं" एवढं मला नक्की विचारता येतं.

भंतेजी, मौन उभं राहून नको. बसूनच पाळू या. ताटं तुमच्यापुढं आली आहेत. बघा, सगळ्यांत वाटाणेच आहेत. माझ्याही. आज तांदूळ कुणाला जमणार आहे? बोलू नका. नुसते खडे काढा.

अन् तुमी जी, भिंत सोडा. पुढं या. जागा तशीच आहे.

सुमनबाई, जयभीम.