पडद्याची दोरी

बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याचं ते जुनं नाटक आमच्या कामरगावात दरवर्षी होते, अन् नवरा दरवर्षी आमचे वसंताकाकाच. साठी उलटली, पण म्हाताऱ्या पुढाऱ्यांच्यानं जशी खुर्ची सुटत नाही, तसा यांच्यानं पार्ट सुटत नाही. यंदा मी मागितला, तर म्हणाले, "कॉलेज सोडणाऱ्याले नाटक काय कळते? तू पडदा ओढ. अन् बायको मेल्याशिवाय पाडू नको, सांगून ठेवतो!"

बरं म्हटलं. दोरी धरून उभा राह्यलो.

शेवटचा प्रवेश आला. काकांनी अमरावतीहून आणलेल्या नटीचा गळा धरला अन् गरजले, "बोल! मी घरी नसताना कोण येते?"

तेवढ्यात बायांमधून त्यांची खरी बायको, म्हणजे आमची काकू, उठून उभी राह्यली. "तिले कायले विचारता? तुमी घरी असता कवा? पानठेल्यावरून उठान तवा कळीन ना, कोण येते ते!"

अख्खा मंडप हसला. गळा धरलेली नटीही हसत सुटली. काका घामाघूम झाले अन् माझ्याकडं पाहून कुजबुजले, "पाड ना पडदा, गधड्या!"

मी म्हटलं, "कसा पाडू, काका? बायको तर हसून राह्यली!"