शिआन, उन्हाळ्यातच

शिवणकाम करणाऱ्या एक बाई डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“आधी शिआन, तिथले मातीचे सैनिक बघू. मग बीजिंग. आठवड्यात परत.”

“ताई, एवढ्या गर्दीत तुझा हात सुटला तर?”

“सुटेल कसा? मी काय वेडी आहे?”

“उन्हाळा नको गं. थंडीत जाऊ.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? थंडीपर्यंत तुझी नजर टिकेलच असं नाही.”

“म्हणून तर छातीत धडधडतंय. तिथेच दिसेनासं झालं तर?”

“तर समोर काय आहे ते मी सांगत राहीन.”

बाईंनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

“ताई, विमानात मला खिडकीजवळची जागा घे.”