कुंपणापलीकडची काजळी

— तिथंच उभं ऱ्हावा, मॅडम. उंबऱ्याच्या आत यायचं कारण न्हाई. कुठून आलाव ते दिसून राहिलं की मला — पलीकडून, आमच्या जाऊबाईकडून, सिंधुकडून! तिची गाय आखडली, पाठीला पोक आलं, गुडघे टेकून चरती, आन् तिनं तुमच्या कानात काय भरलं? विठाबाईनं इख घातलं. हेच ना? मान काहून हलविता? सरळ हाव म्हना. जनावरांच्या डाक्टर हाव का सिंधुच्या वकील?

आन् हातात काय ते? माझ्याच कुंपणाची डहाळी. कुणाला इचारून तोडली? दिन का राजा हाय तो, चाकूरच्या नर्सरीतून आणलेला. वाटण्या झाल्या त्याच साली लावला मी — सकाळी अंगणात आलं की तिचं थोबाड दिसू नये म्हनून. आता झाडाची बी चौकशी लागली का?

दुश्मनी हाय, हाय की! लपवायचं कशाला? दिरानं विहिरीकडचं रान नेलं, भांडी नेली — नेऊ द्या. पण काजळी नेली हो. जीव तोडून सांगितलं, बाकी समदं घ्या, तेवढी गाय ठिवा. तिची माय वितानाच गेली, मॅडम. दुधात बोट बुडवून मी चोखायला दिलं तिला, थंडीत माझ्या पांघरुणात निजली ती. आन् सिंधु म्हनली, गाय आमच्याच दावणीला शोभती. शोभती! बगा आता काय शोभा केली, हाडं वर आली तिची. पोटाला घातलं न्हाई, दुसरं काय? वर कॅल्शियमच्या बाटल्या पाजून राहिली, गावाला दाखवायला.

मी इख घालीन? मी? अहो, उन्हं कलली की ती कुंपणापाशी येती, हंबरती — मला हाक मारती, सिंधुला न्हाई! आन् मी जाते, डहाळ्या मोडते, वरच्या कवळ्या-कवळ्या, आन् एक एक तिच्या तोंडात देते. दावणीतला कडबा तसाच टाकून माझ्या हातचं खाती ती. सिंधुला पत्ता न्हाई. लई समाधान वाटतं बगा, खोटं कशाला बोलू. — कशाच्या डहाळ्या म्हंजी? ह्याच्याच की. दुसरं काय हाय कुंपणाला? रोज. कुंपण वाढलं तवापासून रोज. — आसं काय बगता माझ्याकडं?

काय म्हनलाव? ह्या पाल्यानं? — चुना? रक्ताच्या नळ्यांत चुना बसतो? काळजात बी? — खोटं हाय. सिंधुनं शिकवलं तुमाला. पाल्यानं कुठं आसं होतं का! शेळ्या तोंड लावत न्हाईत त्याला, ते हाय खरं, पण काजळी तर आवडीनं — माझ्या हातचं म्हनून —

निघतो का पण तो चुना? बोला की. — न्हाई? एकदा बसला की निघतच न्हाई?

— ऐका. आली ती. उन्हं कलली न्हवं का.

जावा तुमी पलीकडं. दावणीला घट्ट बांधा म्हनावं तिला, इकडं येऊ देऊ नका. माझं नाव नका सांगू — न्हाई, सांगा. सांगून टाका. आन् सिंधुला म्हनावं, कुऱ्हाड घेऊन यावं. समदं मुळापासून तोडायचं, मला एकटीला आवरायचं न्हाई.

नगं हंबरू, बाई. आज न्हाई काही माझ्याकडं.

तुमी अजून हितंच? जावा म्हनलं ना!