रंगाखालची जागा

हॅलो?… कोण, छोटी?… हो, ताईच बोलतेय. माझ्या फोनवर दुसरं कोण बोलणार?… नाही गं, रागावले नाही. बऱ्याच दिवसांनी आवाज ऐकला, एवढंच. थांब, दूध ठेवलंय, गॅस बारीक करते… हं, बोल.

गाडी? कुठली गाडी?… अच्छा, बाबांची. म्हणजे तुझी. बाबांनी तुला दिली, तेव्हा तुझीच म्हणायची… टोमणा कसला, आहे ते सांगतेय. काय झालं तिला?

हेडलाइट मंद होतात… सिग्नलला थांबलं की? आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की परत उजळतात?… हो, हो… अगं ऐक ना, मी विचारते तेवढंच सांग. इंडिकेटर लावला की दिवे त्याच्याबरोबर लुकलुकतात का?… बरं. बॅटरी?… नवीन टाकली. आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर?… तोही नवीन. आणि तरी बॅटरी उतरते. म्हणजे गॅरेजवाल्याने सगळं बदललं, फक्त मालकीण बदलायची राहिली… बरं बाई, नाही बोलत.

आत्ता आहेस कुठे?… पेट्रोल पंपाच्या बाहेर. अंधार पडत आला की. एकटीच आहेस?… बाबा? बाबा गाडीत आहेत?… फिरायला. दर रविवारी?… मला कोण सांगणार? माझ्याकडे या म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. तुझ्या गाडीत बसताना बरे दुमडतात… नको, त्यांना फोन देऊ नकोस.

हो, जळते मी. जळू नको तर काय करू? ती गाडी मी आणि बाबांनी मिळून किती वेळा उघडली असेल. मी टॉर्च धरून उभी असायचे आणि तू मागच्या सीटवर ढाराढूर. आणि किल्ली कुणाला मिळाली?…

मग त्यांनाच विचार की. उभा जन्म गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस शेजारी बसलाय, आणि फोन मला?… विचारलंस? काय म्हणाले?… 'मोठीला विचार.'… हं… काही नाही, दुधाकडे बघत होते.

गॅरेजवाल्याने मीटर लावला होता ना? आकडे आठवतात?… अल्टरनेटरवर चौदा. आणि बॅटरीवर?… बारा. मग मधले दोन व्होल्ट कुठे गेले, हे नाही विचारलंस त्याला?…

काय? भंगारात?… कोण म्हणतं, तुझा नवरा?… नाहीतर मला? मी घेईन का म्हणून विचारतेयस?… आहे, आहे मी फोनवर. विचार करतेय.

छोटी, एक सांग. गाडी रंगवलीस का एवढ्यात?… बाबांना खूश करायला. तोच जुना निळा. बॉनेटच्या आतसुद्धा?… अगं बाई.

खरं सांगू? आत्ता मी तुला सांगणार होते, गाडी कामातून गेली, दे माझ्याकडे पाठवून. अगदी जिभेवर आलं होतं… हो, धडधडीत खोटं. पण बाबा तुझ्याबरोबर रस्त्यात अडकलेत. बॉनेट उघड.

आधी गाडी बंद कर. केस बांध. डिकीत जंपर केबल आहे?… त्यातली काळी घे. एक टोक बॅटरीच्या मायनसला. दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, रंग लागलाय तिथे नाही… पंख्यापासून लांब ठेव. आता चालू कर. दिवे लाव. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नकोस… पंपाच्या भिंतीवर लख्ख पडला उजेड? बाबा काय करतायत?… हसतायत.

हसणारच. अगं, इंजिनापासून बॉडीला एक तांब्याची विणलेली पट्टी जाते, अर्थिंगची. तिच्या बोल्टखाली नाण्याएवढा पत्रा बाबा कायम उघडा ठेवायचे, वरून ग्रीस. तिथे रंग लावायचा नाही, हा घरचा नियम. मीच घासायचे ती जागा. तुझ्या रंगाऱ्याने पट्टी काढली, खाली झकास रंग मारला आणि पट्टी परत आवळली. आता करंट परत येणार कुठून?… तुझी चूक नाही. तुला कसं कळणार, तू झोपलेली असायचीस. बाबांना मात्र माहीत होतं. माहीत असून तुला मला फोन करायला लावला… नको, विचारू नकोस त्यांना. कळलं मला.

बंद कर गाडी. पान्याने तो बोल्ट काढ आणि स्क्रूड्रायव्हरने रंग खरवड, पत्रा चमकेपर्यंत. टॉर्च कोण धरतंय?… बाबा?… बरं. धरू दे.

त्यांना सांग, जरा डावीकडे. नेहमी सावली पाडतात… घट्ट आवळ. केबल काढ. आता लाव दिवे… दोन्ही?… मंद नाही ना होत?… छान.

पुढच्या रविवारी? मी?… बाबा म्हणाले की तू म्हणतेयस?… दोघंही. येईन की. पण गाडी मी चालवणार. बाबा पुढे, माझ्या शेजारी. तू मागे… का म्हणजे? झोप पाहिजे तर… अगं, दूध उतू गेलं. ठेव आता.