आंघोळीचे एकवीस मोदक

...आणि वर आमची ही मलाच म्हणते, "तुम्हाला दिसलं नाही का?" अहो, दिसलं म्हणूनच तर खाल्लं! आता तुम्हीच सांगा, टेबलावर बशी, बशीत पेस्ट्री, गुलाबी, वर पांढरं क्रीम, क्रीमवर लालबुंद चेरी, आणि माणूस दुपारी दीड वाजता दुकान बंद करून भुकेनं कळवळून घरी आलेला... तो काय करील? पेस्ट्रीला हात जोडील? मी खाल्ली. चांगला जबडा उघडून अर्धी एका घासात! आणि तुम्हाला सांगतो, तोंडात जे काय सुरू झालं... सुर्रर्र! जिभेवर मुंग्या, नाकातून फेस, डोळ्यांतून पाणी, मी खांबाला धरून उभा, आणि दारात शेजारच्या आसियाभाभी कपाळावर हात मारून ओरडतायत, "अवो हरीभाऊ, ता खायाचा नाय! आंघोळीचा हाय!"

आंघोळीचं! पेस्ट्री आंघोळीची! म्हणजे आमच्या आजोबांनी तांबडा दगड अंगाला घासून आंघोळी केल्या, बापानं साबण बघितला, आणि मी... मी चेरी लावायची?

झालं होतं काय, भाभींचा नवरा तन्वीर, तो दुबईला हॉटेलात असतो, तो सुट्टीवर आला तेव्हा एक खोका घेऊन आला. त्यात सहा पेस्ट्र्या. तिकडे म्हणे माणसं होडीएवढ्या टबात पाय पसरून झोपतात आणि ही पेस्ट्री पाण्यात सोडतात, मग ती फसफसते, पाणी रंगीत होतं, वास सुटतो, आणि ह्याला म्हणायचं बाथ बॉम्ब. असेल! पण आमच्याकडे टब कुठला? आमच्याकडे न्हाणी. न्हाणीत तांब्याचा बंब, एक बादली, एक तांब्या आणि कोपऱ्यात एक बेडूक. तो जूनला येतो, दसऱ्याला जातो. पण भाभींनी शेजारधर्म म्हणून एक आमच्या गंगेला दिलीन, गंगा म्हणजे आमची ही, आणि हिनं ती बशीत मांडून ठेवलीन. का? तर, "किती गोड दिसते हो!" मग गोड दिसते तर मी काय करू?

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला कशाला सांगत बसलो असतो? उरलेली अर्धी गंगेनं बादलीत टाकलीन. सुर्रर्र झालं, पाणी गुलाबी झालं, आणि ही बादलीपुढं उकिडवी बसून लहान मुलीसारखी बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून दोघी पडवीत! भाभींनी तन्वीरकडून कृती काढून घेतलेली. खायचा सोडा, लिंबूसत्त्व, खोबरेल, रंग, अत्तर. आता सोडा आणि लिंबूसत्त्व कुठून यायचं? अहो, मारुती मंदिराच्या नाक्यावर माझं किराणा दुकान! गिऱ्हाईक म्हणतंय, "हरीभाऊ, भज्यांना सोडा द्या," आणि मी म्हणतोय, "सोडा आंघोळीला गेला." लोक माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

आणि महिना कुठला, तर आषाढ! रत्नागिरीचा पावसाळा तुम्हाला ठाऊकाय, मीठसुद्धा बरणीत पाणी होऊन बसतं. ह्या दोघींनी पहिला हात घातलान तो जिलब्यांना. केशरी, गोल, एकदम झकास! डब्यात भरून ठेवल्यान. दुपारी आम्ही जेवतोय आणि फडताळात आपोआप... ठॉप! झाकण उडालं, मांजर माझ्या ताटावरून पलीकडे. दमट हवा लागून जिलब्या फुगल्या होत्या. मग गंगेनं शोध लावलान, की पुढच्या खेपेला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या, तांदूळ दमटपणा ओढून घेतो. घेतला! वासही घेतला! आठ दिवस आम्ही गुलाबाच्या वासाचा भात आणि सुकटीचं कालवण खाल्लं. खाऊन बघा एकदा. नको, नका बघू.

घरात मग काही खायची सोयच राहिली नाही. नानकटाई दिसली, हात पुढं केला, की आतून आवाज, "खायचं नाही हं! आंघोळीचं आहे!" बर्फी दिसली, "खायचं नाही हं! आंघोळीचं आहे!" गुलाबजाम पाकात ठेवलेले, पाकसुद्धा खोटा, मेण का काय ते. मी म्हटलं ठीक आहे, माणसानं शहाणं व्हावं. एकदा सकाळी ओट्यावर नारळाची वडी होती, पांढरी, सुबक. मी तोंडाला लावली नाही! उचलली, न्हाणीत गेलो, बादलीत टाकली. म्हटलं आता सुर्र होईल. होईना. ढवळलं. होईना. शेवटी तसंच पाणी अंगावर घेतलं... तुम्हाला सांगतो, ती खरी होती. कानात खोबरं गेलेलं! आणि ही बाहेरून, "अहो, ओट्यावरची वडी खाल्लीत का? कशी झालीय?" काय सांगणार? म्हटलं, "अंगी लागली."

तुम्ही म्हणाल, हरीभाऊ, एवढं सोसलंत कशाला? ओरडायचं होतंत एकदा. नाही हो ओरडलो. त्याला कारण आहे.

माझी थोरली बहीण, आनंदीअक्का, चिपळूणला दिलेली. दर गणपतीला आदल्या दिवशी एसटीनं येते. बाई प्रेमळ. पण जीभ म्हणजे विळीचं पातं. आणि आमच्या गंगेचे उकडीचे मोदक फुटतात. आता फुटतात त्याला ती काय करणार? उकड चांगली मळते, सारण बेताचं भरते, कळ्या घालते, चाळणीत ठेवते, आणि झाकण काढावं तर एकेकाचं पोट उघडं, गूळ बाहेर. पहिल्या वर्षी नवी नवरी होती, अक्कानं झाकण उचललंन, आत बघितलंन आणि सगळ्या माणसांत म्हणाली, "हरी, फुटले रे मोदक! हिचा हातच गरम." झालं! तेव्हापासून बावीस वर्षं. बावीस! दर चतुर्थीला अक्का झाकण उचलते, दर चतुर्थीला "फुटले रे," आणि मग पदर खोचून नैवेद्याचे एकवीस मोदक स्वतः करते. आणि घरची लक्ष्मी कोपऱ्यात बसून खोबरं खवते. स्वतःच्या घरात! गंगा कधी बोलली नाही. हेदवीच्या दशभुज गणपतीला एकदा नवस बोललीय, तेवढंच. पण चतुर्थीचं जेवण झालं की मागच्या पडवीत जाऊन भांडी उगाच जोरात घासते. ते मला ऐकू येतं हो. मी नवरा आहे, बहिरा नाही. पण बहिणीला काय बोलणार? आणि बायकोला काय सांगणार? मी आपला दोन्हीकडे मान हलवायचो.

म्हणून म्हटलं, करू दे. हिच्या हातचं काहीतरी फुटत नाही, हिला त्यात सुख आहे, करू दे. आंघोळीचं तर आंघोळीचं.

आणि श्रावण संपता संपता गंगेनं मोदक केलेन. एकवीस! गौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना एकेक द्यायचा, असा बेत. अहो, काय मोदक! केसांतल्या आकड्यानं एकेक कळी कोरलेली, एकोणीस कळ्या मी स्वतः मोजल्या, वर नाक कसं सरळ, खोबरेलाची तुकतुकी, आणि केवड्याचं अत्तर. आसियाभाभी म्हणाल्या, "गंगाभाभी, ह्याला पाणी लावाचा जीव व्हयाचा नाय." आणि गंगा मला म्हणाली, "खायचं नाही हं..." मी म्हटलं, "ठाऊकाय! आंघोळीचं आहे!"

चतुर्थी उजाडली. बाहेर भटजी पूजा सांगतायत, मी पाटावर, आत मोदक चढवलेले. थोड्या वेळानं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि मग मागचं दार करकरलं. मी ओळखलं. फुटले. गंगा मागच्या दारी गेली असणार. तेवढ्यात अक्काचा आवाज... "अगो गंगे!" मी मान वळवून बघतोय, तर अक्काच्या हातात ताट! ताटात ते एकवीस! फडताळातून काढलेले! आणि अक्काचं तोंड असं फुललेलं, "अगो, हे कधी केलेस? बाजूला काढून ठेवलेस होय, मला चकवायला? काय कळ्या आहेत गो! आमच्या आईच्यानं झाल्या नाहीत अशा!"

आता गंगेनं काय म्हणायला हवं होतं? तेच! महिनाभर माझ्यावर ओरडत होती तेच! पण ती दारात उभी, पदर डोळ्याला, आणि बावीस वर्षांनी पहिल्यांदा नणंद कौतुक करतेय... तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं माझ्याकडे बघितलंन. मी तिच्याकडे बघितलं. आणि मी दूर्वा निवडायला लागलो. आता मला सांगा, तुम्ही बोलला असतात? नसतात बोलला!

ताट आलं देवापुढं. भटजी म्हणाले, "यजमान, दूर्वा पाण्यात बुडवा, नैवेद्यावर शिंपडा." पाणी! आंघोळीच्या मोदकावर पाणी! मी दूर्वा बुडवल्या, चांगल्या झटकल्या, तीनदा झटकल्या, आणि लांबून नुसत्या फिरवल्या. भटजी म्हणाले, "अहो, नैवेद्य दाखवताय का माशा वारताय?" आणि माझ्या हातातून दूर्वा घेतल्यान, पुन्हा पाण्यात बुडवल्यान, आणि सढळ हातानं... शिंपडलंन!

सुर्रर्रर्र!

एकवीसच्या एकवीस! नाकं विरघळायला लागली, कळ्यांमधून फेस, ताटभर बुडबुडे, केवड्याचा असा घमघमाट की गणपतीच्या डोक्यावरचा खरा केवडा फिका पडला. भटजींचा मंत्र अर्ध्यात तुटला. "हे... हे काय?" मी बाप्पाकडे बघतोय, म्हटलं आता तूच. गंगा भिंतीला पांढरीफटक. आणि अक्का वाकली. ताटाजवळ नाक नेलंन. बोटावर फेस घेऊन चोळलान. मी डोळे मिटले, म्हटलं आता निघणार तो शब्द अख्ख्या रत्नागिरीला ऐकू जाणार...

"गरम आहेत भटजी," अक्का म्हणाली. अगदी शांतपणे! "आत्ता चाळणीतून काढलेत. गरमावर पाणी पडलं की चरचरणारच. तुम्ही पुढं म्हणा, मी दुसरं ताट आणते." आणि ताट उचलून, पदराखाली झाकून, गंगेच्या दंडाला धरून आत! भटजींनी माझ्याकडे बघितलंन. मी म्हटलं, "गरम आहेत."

मी पाटावरून उठलो. पूजेतून उठू नये म्हणतात, पण बायको आत बहिणीच्या तावडीत, माणूस बसेल? दाराआड उभा राहिलो. गंगा हुंदके देत होती, "अक्का, ते खायचे नव्हते हो... आंघोळीचे होते."

"कळलं ते," अक्का म्हणाली. "माझ्या हाताला फेस आलाय, मला कळायचं नाही?"

"मी बोलायला हवं होतं. पण तुम्ही इतकं चांगलं म्हणालात..."

अक्का गप्प झाली. मी तुम्हाला सांगतो, माझ्या उभ्या जन्मात अक्का गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मग हळू आवाजात म्हणाली, "गंगे, लग्न होऊन गेले त्या वर्षी माझे फुटले. सासूनं ताट उचललंन आणि सगळ्यांच्या देखत गाईपुढं ओतलंन. तेव्हापासून दुसरीचं झाकण उचलायची मला खोड लागली बघ. वाईट खोड. बावीस वर्षं तुला रडवलं मी." आणि स्वतःच्या पदरानं गंगेचे डोळे पुसलेन. मग परत मूळ आवाज आला, "ऊठ! तुझे ते फुटलेले वाढ ताटात."

"फुटके? देवाला?"

"त्याचाच एक दात मोडलेला गो! तो काय तुझ्या मोदकाला नावं ठेवणार?"

आणि बाहेर आली कोण? गंगा! तिच्या स्वतःच्या हातात ताट, ताटात एकवीस मोदक, सगळ्यांची पोटं उघडी, गूळ ओघळतोय, वर साजूक तूप. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातचा नैवेद्य! मी हात जोडले ते देवाला का तिला, मला खरंच सांगता यायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं. भटजींना वाटलं धुराचं. आणि भटजींनी अकरा खाल्लेन बरं का! फुटके, अकरा!

म्हणजे सगळं गोड झालं, नाही का? वाटलं मलाही! अक्का दीड दिवसासाठी आली होती, ती अनंत चतुर्दशीपर्यंत राहिली. दोघी पडवीत मांडी घालून सोडा मळतायत, अक्का कळ्या कोरतेय, गंगा अत्तर घालतेय, आसियाभाभी डबे भरतायत, हसतायत! जेवायला वाढायचं भान नाही. मी एवढंच म्हटलं, "अगं, आमटीत मीठ नाही." गंगा म्हणाली, "ह्यांचं नेहमीचंच." अक्का म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे, खोडी काढणारा. बावीस वर्षं कशी काढलीस गो ह्याच्याबरोबर?" गंगा म्हणाली, "सांगते ना अक्का, बसा." आणि सांगायला लागली! पहिल्या वर्षापासून! अक्का मान डोलावतेय, मध्येमध्ये माझ्या शाळेतल्या गोष्टींची भर घालतेय. आता अक्का चिपळूणला परत गेलीय, तर रोज संध्याकाळी माझ्याच दुकानाच्या फोनवर माझ्याच तक्रारी चालतात, मी गिऱ्हाइकाला पोहे मोजत ऐकतो.

नाही, चांगलंच झालं हो, कोण नाही म्हणतंय? पण तुम्हाला सांगतो... दोघींचं पटत नव्हतं ना, तेव्हा एक तरी कायम माझ्या बाजूला असायची!