दिनेशच्या स्थळाची चौकशी

— अहो बसा ना दादा, घर कुठं पळून चाललंय? समोरचंच हाय, हिरव्या दाराचं. दिनेशचं स्थळ बघायला आला ना? पोरगी कोण तुमची? — बहीण. बरं. चहा घ्या. या गल्लीत येणारा आधी माझ्याच टपरीवर विचारतो. अंबडला कंपनीत कायम हाय, दारू नाय, तंबाखू नाय — सगळं खरंच सांगितलंय तुम्हाला. पहिली बायको बाळंतपणात गेली, देवाची मर्जी — असंच म्हणाले ना? म्हणणारच!

मर्जी म्हातारीची होती, दिनेशच्या आईची. पहिलं बाळंतपण आमच्याकडं व्हायचं — म्हणजे तृप्तीच्या, त्या पहिल्या बायकोच्या, माहेरी हो — तर म्हणे नको, शहरात दवाखाना जवळ. झालंही नीट. आपल्या पायांनी घरी आली, पोरगी कुशीत. अन् घरी लागलं की अंगावरून जायला — कापडामागून कापड भिजतंय, ओठ पांढरेफटक, डोळ्यापुढं अंधारी. अन् म्हातारी काय म्हणती? ‘घाण जातीय, जाऊ दे, अडवायची नसती.’ सरकारी दवाखान्याची आशाताई दारात येऊन ओरडली, एवढं रक्त जाणं बरं नाय, गाडी बोलावते. तर म्हणे पाचवी पुजल्याबिगर बाळंतीण उंबऱ्याबाहेर जात नाय! सरकारी गाडी, फुकटची. पिशवी आवळायचं इंजेक्शन, बाटलीभर रक्त — वाचली असती हो. पाचवीचा पाटा मांडायच्या आत गार पडली.

दिनेश? तो ड्युटीवर. त्याला कळवलंच नाय. येऊन भिंतीवर डोकं आपटलं त्यानं. माणूस वाईट नाय तो — तुम्हाला कशाला सांगतीय मी हे? — पण म्हातारीला सून पाहिजे ना, आयती भाकरी पाहिजे ना? नाय मिळू देणार! देवळ्याहून बघायला आलेल्यांना परत धाडलं, सटाण्याच्यांना धाडलं. कळवणचं घर सोडून ही टपरी काय मी चहा विकायला टाकली? — मी कोण? थोरली बहीण तिची. आई कामावर जायची, मीच कडेवर वाढवली तिला. म्हातारीला ठाऊक हाय, म्हणून तर इकडं बघत नाय. मरेस्तोवर स्वतःची भाकरी स्वतः थापू दे तिला, दुसरं काय नको मला.

काय म्हणालात?

— पोरीला आई नको का?



ती बघा, दप्तर घेऊन निघाली. वेणी आजीच घालते. वाकडी घालते.

उठा आता. कप राहू द्या तिथंच. परतीची गाडी नाक्यावरून मिळंल.