सरांची गाठ

नकाशा चोरायची दुर्बुद्धी मले जन्मात एकदाच झाली, अन् तेबी आमच्या सरांच्या घरात. सर नगररचनेचे प्राध्यापक. सारं आयुष्य गावोगावचे नाले मोजण्यात गेलं. त्यांचे सारे कागद अमरावतीच्या एका ग्रंथालयाले द्यायचे ठरले, तं मी जुना विद्यार्थी म्हणून अकोल्यात त्यांच्याकडे यादी करून राहिलो होतो.

एक गुंडाळी सोडली तं आत अकोल्याचा नकाशा. नाल्याचं जुनं पात्र, अन् बरोब्बर त्याच्या मधात सरांचं घर! हे बाहेर गेलं तं लोक काय म्हणतीन? मी तो नकाशा शर्टात खुपसला, बाकीचे कागद गुंडाळून नाडा बांधला.

तेवढ्यात ग्रंथालयाच्या मॅडम आल्या. यादीवर सही करता करता सर त्या गुंडाळीपाशी थांबले.

"ही गाठ कोनं बांधली?"

"म्या, सर."

"माही गाठ एका झटक्यात सुटते. ही नाही सुटत, अन् गुंडाळीबी बारीक झाली. आतला नकाशा कुठी हाय?"

मॅडम माह्याकडे पाहून राहिल्या. मी हललो तं शर्टात कागद वाजला. काढून देला.

"सर, त्याच्यात तुमचं घर..."

"मले मालूम हाय." सरांनी नकाशा मॅडमच्या हातात ठेवला. "हा सगळ्यात वर लावा, मॅडम. घर बांधलं तवा मी नुसता ड्रॉइंग शिकवत होतो. पहिल्याच पावसात पाणी चुलीपर्यंत आलं." मंग माह्याकडे वळले. "नाहीतं बाबू, नाले मोजाले कोन गेलं असतं?"